जोडलेला कोपरा

कार्ड आलं तेव्हा मी खळ ढवळत होतो. पोस्टमन एरवी दुकानात शिरून, चार गप्पा मारून, तंबाखूची चिमूट घेऊन जाणारा माणूस. त्या दिवशी तो उंबऱ्याबाहेरच थांबला, कार्ड ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडं न बघताच पुढं गेला. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडं मर्तिकाचं कार्ड असंच येतं. वाचणाऱ्यानं आधीच मन घट्ट करावं म्हणून लिहिणारा कोपरा फाडून पाठवतो. असं कार्ड घरात न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. हिंदू काय, मुसलमान काय, सोलापूरच्या भवानी पेठेत ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. मी हाताची खळ पुसली, ओट्यावर येऊन बसलो, सांगोल्याचा शिक्का पाहिला... आणि वाचायचं फारसं उरलंच नाही. म्हाळाक्का गेली होती. गावच्या मास्तरांनी तीन ओळींत कळवलं होतं. त्याला आज पाच आठवडे झाले.

मी उस्मान, पुस्तकं बांधणारा. वडिलांचाही हाच धंदा होता. कागदाशी माझं बरं जमतं, माणसांशी बेताचं, असं माझी बायको हमीदा सांगत असते आणि त्यात खोटं काही नाही. म्हाळाक्काशी माझं जमलं त्यात माझी करामत शून्य. तिनं मला विचारलंच नव्हतं. पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. सांगोल्याकडं लागोपाठ पाऊस हुकला, मेंढरं गेली, नवरा आधीच गेलेला. म्हाळाक्का मुलगा आणि सून घेऊन सोलापुरात आली, आमच्या गल्लीत एक खोली धरली आणि गिरणीत कापूस निवडायला जाऊ लागली. मुलगा बिरू पलटणीत भरती झाला. लढाई संपली म्हणून सगळीकडं साखर वाटून झाली होती, पण सरहद्दीवर पठाणांच्या डोंगरात ती चालूच होती, हे आम्हाला बिरूमुळं कळलं. धनगराचं पोर, जनावरांत वाढलेलं. त्याला खेचरं सांभाळायला दिलं. चौक्यांवर दाणागोटा आणि दारूगोळा चढवायचा, खाली यायचं, परत चढवायचं.

बिरूला लिहिता येत नव्हतं. पलटणीचा मुन्शी त्याच्यासाठी लिहायचा, आणि मुन्शी लिहायचा उर्दूत. पहिलं कार्ड आलं तेव्हा म्हाळाक्का ते घेऊन गल्लीभर फिरली आणि कुणीतरी माझ्या दुकानाकडं बोट दाखवलं. दारात उंच, काळीसावळी बाई उभी, खांद्यावर घोंगडी. "तुमी मुसलमानी वाचता न्हवं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, उर्दू वाचतो. "त्येच त्ये. वाचा की मग." मी वाचलं, मराठीत करून सांगितलं. तिनं कार्ड परत घेतलं, कपाळाला लावलं आणि निघाली. दुसऱ्या कार्डापासून 'तुमी'चा 'तू' झाला. मी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

महिन्याला दोन, कधी तीन कार्डं यायची. ती माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि सून काशी दारामागं उभी राहायची, अर्धी दिसेल अशी. बिरू लिहवून घ्यायचा की डोंगर आपल्या रानासारखाच आहे, नुसता दगड. की त्याच्या खेचराचं नाव त्यानं मैना ठेवलंय आणि ती त्याच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. की आपल्याकडं पाऊस झाला का. मध्येच एखादी ओळ यायची... काल वर चढताना गोळ्या आल्या, आमच्यातले दोघं पडले. ती ओळ मी गिळायचो. डोळे पुढच्या ओळीवर जाईपर्यंत घशातून काहीतरी निघायला हवं, म्हणून खोकायचो. पुस्तकातलं पान न शिवता सोडणाऱ्या बाइंडराला मी शिव्या घालतो, आणि इथं मी स्वतः ओळीच्या ओळी सोडत होतो. पण ती ऐकताना माझ्या तोंडाकडं अशी बघायची की सांगणं होत नसे.

त्या थंडीत मला मंगळवेढ्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. जुन्या दप्तरांच्या जिल्दा सुटल्या होत्या, तिथंच बसून बांधायच्या होत्या. तीन दिवसांचं काम तीन दिवसांत झालं. पण तिकडं ज्वारी हुरड्यात आलेली, कचेरीतल्या एका कारकुनानं शेतावर बोलावलं आणि मी आणखी एक दिवस राहिलो. चांगला हात भाजेस्तोवर हुरडा खाल्ला. तो हुरडा मला आजही आठवतो, आणि त्याची चव मात्र आठवत नाही.

मोटारीतून उतरून दुपारी गल्लीत शिरलो तर गल्ली गप्प होती. बायका दारादारांत उभ्या होत्या आणि माझ्याकडंच बघत होत्या. माझ्या दुकानाच्या ओट्यावर म्हाळाक्का बसली होती, घोंगडी लपेटून, दोन्ही हात घोंगडीच्या आत. हमीदा धावत पुढं आली. "परसों से ऐसीच बैठी है," ती हळूच म्हणाली, "चा बी नईं पीती. कार्ड आया है... कोना नईं उसकू."

दोन दिवसांपूर्वी बिरूचं कार्ड आलं होतं आणि त्याचा कोपरा नव्हता.

पुढचं मला हमीदानं नंतर सांगितलं. कार्ड बघून गल्लीत रडणं सुरू झालं. कोपरा नाही म्हणजे माणूस नाही, त्यात वाचायचं काय राहिलं? जाणत्या बायका काशीकडं गेल्या. काशीला सातवा महिना लागला होता, हातात चुडा हिरवागार. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, सुतक धरायचं, उशीर केला तर पोटातल्या पोराला बाधेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चुकलं नव्हतं, त्या रीतीनंच चालल्या होत्या. म्हाळाक्का सुनेच्या पुढं उभी राहिली. "उस्मान वाचल्याबिगर हिच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. कुणी सुचवलं, मशिदीत मौलवी आहेत, ते वाचतील. "न्हाय." शाळेतले उर्दूचे मास्तर? "न्हाय म्हनलं न्हवं. पयल्यापास्नं त्यानंच वाचल्याती, ह्ये बी त्योच वाचंल." आणि कार्ड घरात नेता येत नाही म्हणून ते घेऊन ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. एवढ्या थंडीत. मी शेतावर आगटीपाशी बसून गुळाशी हुरडा खात होतो.

मी पिशवी खाली ठेवली. आत जायचा प्रश्नच नव्हता. तिच्याशेजारी ओट्यावर बसलो. तिनं घोंगडीतून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. माझी नजर आधी कोपऱ्यावर गेली, धंद्याची खोड. हातानं फाडलेल्या कागदाची कड मऊ असते, बारीक केस निघाल्यासारखे तंतू दिसतात. ही कड तशी नव्हती. ती ओली होऊन वाळली होती, चुरगळली होती, कडक झाली होती. माझ्या मनात काहीतरी हललं. पण नुसत्या कडेवर विसंबून कुणाच्या पोराला जिवंत म्हणायचं? मी कार्ड उलटलं, ओळींवर डोळे टेकवले, तोच तिचा हात कार्डावर आडवा आला.

"मनात वाचू नगंस," ती म्हणाली. "मोट्यानं वाच. माज्या आदी तुला कळाय नगं."

असं वाचन मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही कधी केलं नाही. तिनं तळहात कार्डावर ठेवला आणि एकेक ओळ उघडी करत तो खाली सरकवू लागली. समोर खांबाला टेकून काशी उभी होती. दोन्ही हात पदराखाली, कोपरापर्यंत लपवलेले. बांगड्या कुणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून दोन दिवस ती तशीच वावरत होती. पहिली ओळ तारखेची. दुसरी ठिकाणाची, म्हणजे कुठलंच ठिकाण नाही, लढाईवरून ते लिहू देत नसत. मी वाचत होतो आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. तिसरी ओळ... "बिरूकडून, आईला दंडवत. मी इथं खुशाल आहे."

गल्लीतून एक मोठा श्वास सुटल्याचं मी ऐकलं. म्हाळाक्काचा हात मात्र थांबला नाही. "म्होरं," ती म्हणाली. पुढं मैनेचं कौतुक होतं, थंडीचं होतं, तुझा गुडघा कसा आहे हे होतं. शेवटाकडं मी एकदा खोकलो. मग कार्डाच्या कडेला, जागा उरली नव्हती म्हणून आडव्या, बारीक अक्षरांत मुन्शीनं लिहिलं होतं: कार्ड लिहून झाल्यावर खेचरानं कोपरा खाल्ला, आठवड्याला एकच कार्ड मिळतं, दुसरं नाही, तरी आईनं फिकीर करू नये असं बिरू वारंवार सांगतो आहे.

दोन दिवस हे वाक्य तिच्या घोंगडीत होतं. मौलवींनी वाचलं असतं तरी एका दमात सुटका होती. मी तसं म्हटलंही, जरा चिडूनच म्हटलं. तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, खाल्लेली कड बोटानं चाचपली. मग म्हणाली, "सरकार खेचराला खायाला घालत न्हाय व्हय?" आणि बायका हसल्या, काशी खांबाच्या आडोशाला जाऊन रडली, हमीदानं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर म्हाळाक्का मला म्हणाली, "दुसऱ्याकडनं कसं वाचू द्यायचं? तुज्या तोंडातनं आजवर वाईट निघालं न्हाय. म्हनून बसले." मी मान खाली घातली. तिचा विश्वास ज्या तोंडावर होता, ते तोंड अर्ध्या ओळी गिळत होतं.

कार्ड तसंच्या तसं घरात नेणं तिला पटेना. खुशालीचं असलं तरी कोपरा नाही तो नाही. "ह्येला कोपरा लाव," तिनं फर्मावलं. मी जिल्दीच्या आतला, पिवळसर, जरा जाड कागद शोधला, कड तासून पातळ केली, खळ लावली, कोपरा जोडला आणि शिकंज्यात दाबून ठेवला. सुकेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, मधूनमधून विचारत, "झालं का?" संध्याकाळी ती चारी कोपऱ्यांचं कार्ड घेऊन आपल्या घरात गेली. तिला चालताना बघून मला फार बरं वाटलं होतं. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नसेल. हे हमीदानं वाचू नये.

पुढं काशीला मुलगा झाला. ती बातमी मीच उर्दूत लिहून पाठवली. आता म्हाळाक्का उत्तराची वाट बघू लागली, कारण नाव बिरूनं कळवायचं होतं. नाव येईस्तोवर पोराला सगळे 'बाळ्या' म्हणत होते. महिना गेला, दुसरा गेला. ऊन तापलं. रोज गिरणीतून येताना ती दुकानाशी थांबायची, विचारायची नाही, नुसती थांबायची. मीही मान हलवायचो, पुन्हा सुई धरायचो.

मग एका सकाळी ती जवळजवळ पळतच आली. हातात कार्ड नव्हतं, जाड पाकीट होतं. चांगल्या कागदाचं, न मुडपलेलं. "बघ," ती म्हणाली, "चारी कोपरे शाबूत हायत. नाव लई मोटं ठेवलंय वाटतं, कार्डात मावलं न्हाय." ती सरळ आत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तळहातावर घेतला. नाव ऐकलं की पहिला माझ्या तोंडात घालायचा, असं ती आदल्या आठवड्यातच बोलली होती. मी सुरीनं पाकीट उघडलं. या खेपेला तिनं मला मनात वाचू दिलं. कोपरे शाबूत होते ना.

पत्र सुभेदारसाहेबांनी मुन्शीकडून लिहवलं होतं. अक्षर तेच, मैनेच्या कार्डातलं. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढची अक्षरं मला दिसेनाशी झाली. वर चढताना, खेचराला आडोशाला घेत असताना... ती माझ्या तोंडाकडं बघत होती. गुळाचा हात तसाच पुढं होता. मला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि तिचे शब्द आठवले: तुज्या तोंडातनं आजवर वाईट निघालं न्हाय. खोकून सोडून द्यावी अशी ही ओळ नव्हती. सगळं पत्र म्हणजे तीच एक ओळ होती.

कागद हातानं फाडू नये, सुरीनं कापावा, असं माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं आणि तेव्हापासून मी एक चिटोरंही हातानं फाडलेलं नाही. त्या सकाळी मी पाकीट उचललं, वरचा कोपरा दोन बोटांत धरला आणि तिच्यासमोर फाडला. फाटल्याचा आवाज केवढा मोठा झाला.

ती कोपऱ्याकडं बघत राहिली. मग गुळाचा खडा पुन्हा पदरात बांधला, सावकाश, दोन गाठी मारून. उठली. दुकानाबाहेर गेली आणि ओट्यावर बसली. असलं पत्र आत ऐकायचं नसतं. बाहेरून तिचा आवाज आला, "हितं ये. आता वाच."

मी वाचलं. एकही ओळ सोडली नाही. पत्राच्या शेवटी सुभेदारांनी लिहवलं होतं की मुलगा झाल्याची बातमी बिरूला मिळाली होती, त्यानं पलटणीत गूळ वाटला होता, आणि 'नाव आईलाच विचारून घ्या' असं तो मुन्शीला सांगत होता. ते लिहायचं राहून गेलं. ही इकडं त्याच्याकडून नाव यायची वाट बघत होती, तो तिकडं तिच्याकडून. म्हाळाक्कानं सगळं ऐकलं. मग ती घरी गेली. जाणत्या बायका पुढं झाल्या, तर तिनं हातानंच त्यांना मागं सारलं आणि काशीचा चुडा स्वतः उतरवला. तिनं तो फोडला नाही, एकेक बांगडी काढली, असं हमीदा सांगते. मी बघायला गेलो नाही, माझी हिंमत झाली नाही. नातवाचं नाव तिनं सिदू ठेवलं.

त्या मुन्शीचा मला बरेच दिवस राग होता. ज्यानं खेचराच्या कोपऱ्याचा एवढा खुलासा लिहिला, त्याला हे घर कोपऱ्याकडं कसं बघतं ते ठाऊक होतं. मग ते पाकीट त्यानं शाबूत का धाडलं? सरकारी कागद फाडायची मुभा नसेल. किंवा त्याचाही हात धजला नसेल. आता राग नाही. वाईट कुणीतरी सांगावंच लागतं, आणि ते शेवटी माझ्या वाट्याला आलं, एवढंच.

दोन-तीन वर्षांनी पाऊस बरा झाला तशी म्हाळाक्का सून-नातू घेऊन सांगोल्याला परतली. पुन्हा चार शेरडं, चार मेंढरं केली. पण दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेला ती सोलापुरात यायची आणि सिद्धेश्वराचं दर्शन झालं की माझ्या ओट्यावर. आत यायची नाही. चहा तिथंच, भाकरी तिथंच. माझ्या कामाला नावं ठेवायची, हमीदाच्या स्वैपाकाला नाही. एका वर्षी मी धीर करून म्हटलं, म्हाळाक्का, कोपरा फाडला त्याची मला माफी कर, तोंडानं सांगायला हवं होतं. "बरं केलंस," ती म्हणाली. "तोंड चांगलं राहिलं तुजं." मग मी ओळी गिळत होतो तेही कबूल केलं. ती शांतपणे भाकरी मोडत होती. "ठावं हाय की," ती म्हणाली. "तू मदीच खोकायचास. एरवी तुला कुटं खोकला हाय?" यंदाच्या जत्रेला आली तेव्हा ओट्याची पायरी चढताना तिनं माझा हात धरला होता. पूर्वी कधी धरला नव्हता. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात काशी आली. केसांत पांढरे आलेत, हात तसेच मोकळे. म्हाळाक्काची बाकीची कार्डं तिच्याबरोबरच गेली, पण एक तिनं बाजूला काढायला लावलं होतं, असं सांगून काशीनं फडक्यात गुंडाळलेलं कार्ड ओट्यावर ठेवलं. मैनेनं खाल्लेलं. मी जोडलेला कोपरा अजून घट्ट होता, सांधा कुठं उललेला नव्हता. फक्त तो पिवळा राहिला नव्हता. अंगठ्याएवढी जागा काळी आणि गुळगुळीत झाली होती. इतकी वर्षं म्हाळाक्का ते कार्ड तिथंच धरत होती.

"आत्तीनं सांगितलंया," काशी खाली बघत म्हणाली, "उस्मानभाईला म्हनावं, खोकलास तितं काय हुतं, त्ये काशीला वाचून दाव."

त्या दिवशी गल्ली ऐकत होती, सासू शेजारी होती, आणि नवऱ्यानं बायकोला लिहिलेली ओळ चारचौघांत कशी वाचायची, म्हणून मी खोकलो होतो. इतर वेळी गोळ्यांसाठी खोकलो. त्या एकाच वेळी लाजून. म्हाळाक्काला दोन्ही खोकल्यांतला फरक कळला होता की काय, देव जाणे. मी चष्मा लावला. शाई फिकी झाली होती, पण ओळ होती. मी मोठ्यानं वाचली: "काशीला सांगावं, तिनं कातलेल्या लोकरीची घोंगडी अंगावर आहे. इथं लोक थंडीनं मरतात. मला थंडी लागत नाही."

काशीनं अंगावरचा पदर घट्ट ओढून घेतला. मग तिनं विचारलं, "आनी काय?"

"आणखी नाही," मी म्हटलं. "एवढंच आहे."

तिनं मान हलवली. कार्ड मला द्यायला आली होती, पण दिलं नाही. जोडलेल्या कोपऱ्याला, त्या काळ्या जागेवरच अंगठा ठेवून तिनं ते उचललं आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन ती मोटारीच्या अड्ड्याकडं गेली.